वरची जमीन तुमची, खालचं तेल कुणाचं?

टेक्सासात घराबरोबर पाच-पन्नास एकर घेऊन ठेवणारे मराठी वाचक वाढले, तशी एकाच विषयावरची पत्रंही वाढली: जमिनीखालचं तेल-वायू आणि त्याची लीज, म्हणजे ते काढायचा हक्क कंपनीला देणारा करार. त्यातले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरं टेक्सासच्या कायद्याप्रमाणे आहेत. दुसऱ्या राज्याचा नियम असेल तिथे तसं म्हटलं आहे. सही करायचा कागद मात्र त्याच राज्यातल्या आणि तेल-वायूचंच काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. घराचं क्लोजिंग छान करून देणारा वकील या कामाला पुरत नाही.

गोन्झालेस काउंटीत आम्ही ४० एकर घेतले. तेल कंपनीच्या लँडमनचं लीजसाठी पत्र आलं आहे. शेजारी म्हणतो, तुमच्याकडे मिनरल नाहीतच. पण पत्र आमच्या नावाने आलं, म्हणजे हक्क आमचाच ना? (केटी)

पत्रावरून काहीच ठरत नाही. लँडमन, म्हणजे कंपनीसाठी लीज गोळा करणारा माणूस, गावभर पत्रं टाकतो आणि हक्काची खरी तपासणी सही झाल्यावर करतो. तपासणीत तुमचा हक्क निघाला नाही, तर बोनस, म्हणजे सहीपोटीची एकरकमी रक्कम, मिळत नाही.

टेक्सासात एकाच जमिनीचे दोन वेगळे मालक असू शकतात. सरफेस, म्हणजे वरची जमीन, एकाचा; मिनरल, म्हणजे खालची खनिजं, दुसऱ्याचे. १९३० साली कुणी शेत विकताना खतात ‘खनिजं माझ्याकडे राखली’ असं लिहिलं असेल, तर ती तेव्हापासून वेगळ्या वाटेने त्याच्या वारसांकडे चालत आली. नंतरच्या पाच खरेदीखतांत त्याचा उल्लेख नसला तरी फरक पडत नाही. काही राज्यांत अशी पडून राहिलेली खनिजं वरच्या मालकाकडे येऊ शकतात: लुइझियानात १० वर्षं वापर झाला नाही तर, नॉर्थ डकोटात २० वर्षांनी आणि ठरावीक नोटीस देऊन. टेक्सासात असा कायदा नाही. शंभर वर्षं कुणी फिरकलं नसलं तरी हक्क जागचा हलत नाही.

आधी स्वतःचं खरेदीखत काढा आणि ‘रिझर्व्हेशन्स’ व ‘एक्सेप्शन्स’ हे परिच्छेद वाचा. टायटल इन्शुरन्सवर विसंबू नका, पॉलिसीत खनिजं बहुतेक वेळा वगळलेलीच असतात. मग काउंटी क्लार्कच्या कार्यालयात किंवा त्यांच्या वेबसाइटवर विकणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सूचीतून एकेक खत मागे मागे शोधत जायचं, थेट सरकारने पहिल्यांदा जमीन दिली त्या पेटंटपर्यंत. जमीन सर्व्हेच्या नावाने आणि ॲबस्ट्रॅक्ट नंबराने ओळखली जाते. आपल्या गट नंबरासारखंच ते. जुन्या खतांत मोजमाप ‘वारा’ या स्पॅनिश एककात सापडेल. एक वारा म्हणजे ३३ आणि एक तृतीयांश इंच, आणि साधारण ५,६४५ चौरस वारांचा एक एकर, म्हणजे आपले ४० गुंठे.

अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (मालमत्ता करासाठी मोल ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) वेबसाइटवर बरेच जण फसतात. तिथे खनिजांची नोंद उत्पादन सुरू असेल तरच होते. नोंद नाही म्हणून हक्क नाही, असं होत नाही. आणि तुमच्या नावावर ४० एकर दिसतात तो फक्त सरफेस असतो.

शेवटी हाती यायला हवा तो ‘नेट मिनरल एकर’चा आकडा. १९५२ साली एका मालकाने निम्मी खनिजं राखली, तर ४० एकरांत खाली उरतात २०. १९८८ साली पुढच्याने आपल्यातली निम्मी राखली, तर १०. तुम्ही बोलणी करणार ती दहाची, चाळीसची नाही. जुन्या खतांत ‘एक अष्टमांशाचा अर्धा’ असा अपूर्णांकाचा अपूर्णांक दिसला तर सरळ गुणाकार करून १/१६ लिहू नका. त्या काळी रॉयल्टी, म्हणजे उत्पादनातला मालकाचा वाटा, इतकी सर्रास १/८ असायची की ‘एक अष्टमांश’ हा शब्द सगळ्या खनिजांसाठीच वापरला जाई. १९२४ सालच्या अशाच एका खतावर टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये निर्णय दिला, आणि १/१६ नव्हे तर निम्मा हक्क राखलेला आहे असा अर्थ धरला. एका शब्दावरून आठपट फरक पडला.

आमच्या सांगलीच्या शेतात तेल लागलं तर अशीच लीज करता येईल का? (सनीव्हेल)

नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे जमिनीखालच्या खनिजांवर हक्क राज्य सरकारचा. तेल-वायूचा परवाना १९४८ च्या तेलक्षेत्रांच्या कायद्याखाली सरकार देतं आणि रॉयल्टी सरकारी तिजोरीत जाते. शेतकऱ्याला मिळते ती वरच्या जमिनीची भरपाई. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या मलबारच्या जमिनींबाबत जमीनमालकांच्या बाजूने निकाल दिला होता. तो तिथल्या जुन्या जन्मी वतनांवर आणि तिथल्या कायद्यावर आधारलेला होता. महाराष्ट्रात कलम ४८ आडवं येतं. शेतातून तेलाची पाइपलाइन गेली, तर १९६२ च्या कायद्याखाली पिकाच्या आणि इतर नुकसानाशिवाय त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या १० टक्के मिळतात. जमीन नावावरच राहते, पण त्या पट्ट्यात घर, विहीर किंवा झाड नाही.

लीजचा मसुदा आला आहे. वर ‘प्रोड्यूसर्स ८८’ छापलंय आणि लँडमन म्हणतो हा स्टँडर्ड फॉर्म आहे, कुणीच बदलत नाही. मुदत तीन वर्षं, रॉयल्टी ३/१६. एकरी २०० डॉलर बोनस वाढवून द्यायला तयार आहे. नेट मिनरल एकर ४०. काय बदलून मागावं? (शुगर लँड)

‘प्रोड्यूसर्स ८८’ हे नुसतं शीर्षक आहे. त्याखाली शेकडो वेगवेगळे मसुदे फिरतात. छापील आहे म्हणून बदलता येत नाही, हे खरं नाही. बदल वेगळ्या पानावर ‘एक्झिबिट ए’ म्हणून जोडतात. त्यात पहिलंच वाक्य हवं: छापील मजकुराशी विसंगती असेल तिथे हे पान लागू.

वाढीव बोनस म्हणजे २०० गुणिले ४०, आठ हजार डॉलर. तो बाजूला ठेवून रॉयल्टीकडे बघा. समजा तुमचे ४० एकर ६४० एकरांच्या युनिटमध्ये (विहिरीसाठी एकत्र केलेल्या जमिनींच्या गटात) गेले. ३/१६ ने तुमचा वाटा ०.०११७१८७५. १/४ ने ०.०१५६२५. फरक दिसायला किरकोळ. पण युनिटमधून एकूण चार लाख बॅरल निघाले आणि सरासरी भाव ६५ डॉलर मिळाला असं धरा, तर हा फरक एक लाख दीड हजार डॉलरच्या वर जातो. लँडमन बोनस वाढवायला का तयार असतो आणि रॉयल्टीवर का अडून बसतो, ते यात आलं. चांगल्या पट्ट्यात १/४ मागणं अजिबात जास्त नाही. कुणीच विहीर खोदत नसेल अशा भागात मात्र १/५ वर तडजोड करून बोनस घ्यावा. तिथे बोनसच कदाचित एकमेव मिळकत ठरेल.

रॉयल्टीचा अपूर्णांक ठरला तरी तो कशावर मोजायचा हे उरतंच. मसुद्यात ‘विहिरीच्या तोंडाशी बाजारमूल्य’ असे शब्द असतात. तेल-वायू विकला जातो पुढे, प्रक्रिया केंद्रावर किंवा पाइपलाइनवर. विहिरीच्या तोंडाशी किंमत काढायची म्हणजे तिथल्या भावातून गोळा करणं, दाब वाढवणं, शुद्धीकरण, वाहतूक हे सगळं वजा करायचं. वायूच्या चेकवर ही वजावट चांगलीच चावते. ‘कोणतीही वजावट नाही’ एवढी ओळ घालून काम होतं, असं पुष्कळांना वाटतं. होत नाही. १९९६ च्या एका खटल्यात लीजमध्ये वजावटीला स्पष्ट मनाई होती, पण रॉयल्टी ‘विहिरीच्या तोंडाशी’ मोजायची असल्यामुळे टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई निरर्थक ठरवली. म्हणून ते शब्दच काढून टाका आणि रॉयल्टी ‘कंपनीला किंवा तिच्या संलग्न कंपनीला मिळालेल्या एकूण किमतीवर’ असं लिहून घ्या. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने एकूण मिळालेल्या मूल्याच्या शब्दांना विहिरीच्या तोंडापेक्षा वरचढ मानलं. ‘संलग्न’ हा शब्द विसरू नका. कंपनी स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला स्वस्तात विकून तो भाव दाखवू शकते.

आता मुदत. तीन वर्षं हा फक्त पहिला टप्पा. त्यानंतर लीज ‘परवडेल इतकं उत्पादन चालू असेपर्यंत’ जिवंत राहते, म्हणजे कधीकधी पन्नास वर्षं. मागच्या पानावर दोन वर्षं वाढवण्याचा पर्याय लपलेला असतो. तो काढा, नाहीतर त्यासाठी पहिल्याइतकाच बोनस लावा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं प्यू क्लॉज नसल्यामुळे. तुमच्या ४० पैकी पाच एकर कुठल्याशा युनिटमध्ये गेले आणि तिथे विहीर लागली, तर या कलमाशिवाय उरलेले ३५ सुद्धा त्या विहिरीच्या जोरावर अडकून राहतात. रॉयल्टी पाच एकरांची आणि बंधन चाळीस एकरांचं. हे कलम आडवंही हवं आणि उभंही. आडवं म्हणजे युनिटबाहेरची जमीन मोकळी. उभं म्हणजे उत्पादन ज्या थरातून येतंय त्याच्या तळापासून, समजा १०० फूट खाली, त्यापुढची खोली मोकळी. ईगल फोर्ड या थरातून तेल काढणाऱ्याने त्याखालचे थर फुकट धरून बसायचं कारण नाही. कंपनी सलग खोदत असेल तर मोकळं करणं पुढे ढकलता येतं, पण एका विहिरीनंतर दुसरी १२० किंवा १८० दिवसांत सुरू झालीच पाहिजे असा आकडा घाला.

पूलिंगचं, म्हणजे तुमची जमीन युनिटमध्ये घेऊ देणारं, कलम काढून टाकायच्या भरीस पडू नका. ४० एकरांत मैलभराची आडवी विहीर बसत नाही; युनिटशिवाय तुमच्याकडे कुणी येणारच नाही. युनिट किती एकरांपर्यंत ते लिहा आणि तुमची जमीन घेतली तर सगळी घ्यायची अशी अट घाला.

आणखी दोन-तीन गोष्टी. वायूची विहीर तयार आहे पण पाइपलाइन नाही, तेव्हा कंपनी वर्षाला थोडी रक्कम देऊन लीज जिवंत ठेवते, त्याला शट-इन म्हणतात. सगळे काळ मिळून दोन वर्षांची कमाल मर्यादा ठेवा. हक्काची हमी देणारं वॉरंटी कलम खोडा, नाहीतर उद्या हक्क कमी निघाला तर बोनस परत मागतील. नोंदणीला पूर्ण लीज न देता तिचा एक पानी मेमोरँडम द्या, म्हणजे तुमचे दर गावभर होत नाहीत.

आणि पैसे. ‘३० बँकिंग दिवसांचा ड्राफ्ट’ हा चेक नसतो. त्या मुदतीत कंपनी हक्क तपासते आणि मन बदललं तर ड्राफ्ट तसाच परत येतो. तोवर सही केलेली लीज काउंटीत नोंदवली गेली असेल, तर पैसे नाहीत आणि जमिनीवर बोजा आहे, अशी अवस्था होते. सही केलेला कागद वकिलाकडे ठेवा आणि रक्कम खात्यात आल्यावरच सोडा.

लीज १/४ ची, नेट एकर १२.५, युनिट ६४० एकरांचं. डिव्हिजन ऑर्डरवर वाटा ०.००३६६२११ लिहिला आहे. बरोबर आहे का? सही केली नाही तर पैसे थांबतील म्हणतात. (फ्रिस्को)

डिव्हिजन ऑर्डर म्हणजे उत्पादनातला तुमचा वाटा लिहून कंपनी सहीसाठी पाठवते तो कागद. तुमच्या आकड्यांनी वाटा असा येतो: १२.५ भागिले ६४०, गुणिले ०.२५, म्हणजे ०.००४८८२८१. कंपनीने बरोबर एक चतुर्थांश कमी लिहिलाय. आता उलटा हिशेब करा. ०.००३६६२११ ला ६४० ने गुणा, १२.५ ने भागा. उत्तर ०.१८७५, म्हणजे ३/१६.

याची दोन कारणं संभवतात. एक, भरणाऱ्याने जुन्या नमुन्यातला ३/१६ तसाच टाकला. एका पत्राने हे मिटतं. दुसरं कारण अवघड आहे. एखाद्या जुन्या खतात कुणीतरी १/१६ रॉयल्टी राखलेली असेल, जिच्या मालकाला लीज करायचा हक्क नसतो पण उत्पादनातला वाटा मिळतो, तर ती तुमच्या १/४ मधूनच जाते. १/४ वजा १/१६ म्हणजे पुन्हा ३/१६. दोन्हींचा आकडा एकच येतो, म्हणून नुसतं भांडून उपयोग नाही. कंपनीच्या डिव्हिजन ऑर्डर विभागाला लेखी विचारा: माझ्या वाट्याचा हिशेब आणि टायटल ओपिनियनमधला (वकिलाने मालकी तपासून दिलेल्या मतातला) माझ्या भूखंडापुरता उतारा पाठवा.

योग्य डिव्हिजन ऑर्डर सहीसाठी मागायचा आणि ती मिळेपर्यंत पैसे राखायचा हक्क कंपनीला कायद्याने आहे. पण तिच्याने लीज बदलत नाही. ती लीजच्या विरोधात असेल तिथे लीजच खरी, आणि ३० दिवसांच्या नोटिशीने डिव्हिजन ऑर्डर रद्दही करता येते. लीजमध्ये नमूद नसलेली वजावट किंवा वादमिटवणीची कलमं तिच्यात घुसवलेली असतील तर ती खोडून, आद्याक्षरं करून परत पाठवा. सोबत डब्ल्यू-९ हा करक्रमांक कळवायचा फॉर्म भरा. करक्रमांक दिला नाही तर २४ टक्के आधीच कापून जातात.

पहिला चेक पहिल्या विक्रीच्या महिन्यानंतर १२० दिवसांत यायला हवा. पुढे तेलाचा विक्रीच्या महिन्यानंतर ६० दिवसांत आणि वायूचा ९० दिवसांत. उशिराला व्याज आहे. रक्कम १०० डॉलरपर्यंत असेल तर वर्षातून एकदाच देण्याची मुभा कंपनीला असते. तुम्ही लेखी मागितलंत तर २५ डॉलरवरची रक्कम दर महिन्याला द्यावी लागते.

चेकबरोबरचा तपशील एकदा तरी ओळीने तपासा. प्रमाण, भाव, तेलावर ४.६ टक्के आणि वायूवर ७.५ टक्के सेव्हरन्स टॅक्स (काढलेल्या तेल-वायूवरचा राज्याचा कर), मग वजावटी, मग तुमचा दशांशातला वाटा. प्रमाण टेक्सास रेलरोड कमिशनच्या वेबसाइटवर ताडून पाहा. नाव रेलरोड असलं तरी राज्याच्या तेल-वायूवर देखरेख तेच ठेवतात. तिथे तेलाचे आकडे लीजनिहाय असतात आणि वायूचे विहीरनिहाय, त्यामुळे एका लीजवर तेलाच्या चार विहिरी असतील तर तपशिलातल्या चारही विहिरींच्या प्रमाणाची बेरीज करून मगच तुलना करा.

कराचं थोडक्यात: रॉयल्टी विवरणपत्राच्या शेड्यूल ई वर जाते आणि तिच्यातून १५ टक्के डिप्लीशनची, म्हणजे साठा घटत जाण्यापोटीची, सूट मिळते. बोनसला ती टक्केवारीची सूट नाही. तो पूर्ण उत्पन्न धरला जातो, म्हणून बोनसच्या वर्षी अंदाजे कराचे हप्ते भरून ठेवा. उत्पादन सुरू झाल्यावर काउंटीचा मालमत्ता कर खनिजांवर वेगळा लागतो.

खनिजं आमची नाहीत, फक्त वरची १५ एकर आहे. कंपनी विहिरीसाठी पॅड बांधायला येणार म्हणते. अडवता येईल? (सॅन अँटोनियो)

बहुधा नाही. टेक्सासात मिनरलचा हक्क वरचढ. तेल काढण्यासाठी वाजवी तेवढी वरची जमीन वापरायला तुमची परवानगी लागत नाही, आणि वाजवी वापरापुरती भरपाईही कायद्याने देणं लागत नाही. ओक्लाहोमा आणि नॉर्थ डकोटात सरफेस-नुकसानीचे कायदे आहेत, इथे नाहीत. १९७१ च्या एका निकालाने थोडा आधार मिळतो: तुमचा आधीपासूनचा वापर पार बिघडत असेल, तुमच्याकडे दुसरा वाजवी मार्ग नसेल आणि कंपनीकडे प्रचलित पद्धतीतला दुसरा मार्ग असेल, तर तिने तो घ्यावा. पण हे सगळं सिद्ध करायचं तुम्हाला.

तरीही कंपन्या सहसा सरफेस यूज ॲग्रीमेंट करतात. कोर्टकचेरीपेक्षा ते त्यांना स्वस्त पडतं. बुलडोझर येण्याआधीच बोलणी करा. पॅड, म्हणजे विहिरीसाठी सपाट केलेली जागा, तीन ते पाच एकरांचा असतो. त्याचे कोपरे नकाशावर खुणा करून जोडा, नुसतं ‘अंदाजे’ नको. वरची सुपीक माती वेगळी काढून वेगळ्या ढिगात ठेवायची अट घाला. पॅड आणि रस्त्यासाठी कॅलिची, म्हणजे पांढरट चुनखडीचा मुरूम, पसरतात. एकदा तो मातीत मिसळला की त्या जागी गवतही धरत नाही. काम संपल्यावर मुरूम उचलून माती परत पसरणं, कुंपण तोडलं तिथे कॅटल गार्ड (गुरं अडवणारी रस्त्यातली जाळी), रस्त्याची रुंदी, रात्रीच्या दिव्यांची दिशा, सगळं लिहून घ्या.

तुमच्या बोअरचं पाणी खोदकाम सुरू होण्यापूर्वी प्रमाणित प्रयोगशाळेत तपासून घ्या: क्लोराइड, एकूण विद्राव्य क्षार, बेरियम, मिथेन, बेंझीन. नमुना प्रयोगशाळेच्याच माणसाने स्वतः भरून न्यावा, तुम्ही बाटलीत भरून दिलेला पुढे टिकत नाही. आधीचा अहवाल नसेल तर नंतरच्या अहवालाला अर्थ उरत नाही. एका आडव्या विहिरीच्या फ्रॅकिंगला, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडक फोडायला, दशलक्षावधी गॅलन पाणी लागतं आणि त्याच जमिनीवरच्या कामासाठी तुमचं भूजल वाजवी प्रमाणात वापरण्याचा हक्क कंपनीला असतो. म्हणून पाण्याचा दर बॅरलवर ठरवा किंवा पाणी बाहेरून आणायची अट घाला.

एक गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे. दुसऱ्या जमिनीवरच्या विहिरींचं खारं पाणी तुमच्या जमिनीत जिरवायचं असेल, तर तुमची वेगळी परवानगी लागते. खडकातली रिकामी जागा सरफेसच्या मालकाची, हे टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. त्याचे पैसे वेगळे मागा.

जमिनीवर जुनी विहीर आहे, पंपजॅक महिन्यातून दोन-चार दिवस हलतो. चेक आठ-दहा डॉलरचा. नवी कंपनी लीज मागतेय, पण जुनी कंपनी म्हणते आमची लीज चालू आहे. (ऑस्टिन)

नुसतं हलणं पुरत नाही, उत्पादन परवडणारं हवं. जुन्या कंपनीला तिच्या वाट्याच्या विक्रीतून पंप चालवण्याचा रोजचा खर्च निघून काही उरतं का, हे आधी बघतात. खोदकामाचा मूळ खर्च यात धरत नाहीत. उरत नसेल, तर शहाणा व्यावसायिक अशी विहीर चालवत राहिला असता का, असा पुढचा प्रश्न येतो. एक-दोन वाईट महिने पुरत नाहीत; न्यायालय पुरेसा काळ धरतं.

त्याहून सोपी वाट आधी तपासा. बहुतेक लीजमध्ये उत्पादन थांबलं तर ६० किंवा ९० दिवसांत पुन्हा सुरू करा किंवा खोदा, असं कलम असतं. रेलरोड कमिशनच्या वेबसाइटवरून गेल्या दहा वर्षांचे महिनावार आकडे काढा. सलग चार-पाच शून्यं दिसली, तर लीज तेव्हाच संपली असण्याची शक्यता मोठी. मग वकिलामार्फत रजिस्टर्ड पत्राने रिलीज, म्हणजे लीज सोडल्याचा कागद, मागा. त्या काळात ‘रॅटिफिकेशन’ (जुन्या कराराला पुन्हा मान्यता) असं शीर्षक असलेल्या कागदावर सही करू नका. मेलेली लीज त्याने जिवंत होऊ शकते, आणि असे कागद नेमके अशाच वेळी ५० डॉलरच्या चेकबरोबर येतात.

कंपनी गायब झाली आणि विहीर तशीच उघडी असेल तर कमिशनच्या जिल्हा कार्यालयात तक्रार नोंदवा. बेवारस विहिरी ते आपल्या निधीतून बुजवतात, मात्र रांग लांब असते. ती विहीर पाण्यासाठी वापरतो असं सांगून स्वतःच्या नावावर घ्यायचा मोह टाळा; बुजवायची जबाबदारीही त्याबरोबर नावावर येते.

खनिजं विकत घेण्याची पत्रं दर आठवड्याला येतात. विकावीत का? (ह्यूस्टन)

पत्रांचा ओघ अचानक वाढला तर आधी खोदकामाचे परवाने बघा. जवळपास नवा परवाना निघालेला असतो आणि पत्र पाठवणाऱ्याने तो तुमच्या आधी पाहिलेला असतो. विकायचंच असेल तर तीन-चार खरेदीदारांकडून भाव घ्या आणि अर्धीच विका. खतात ‘या काउंटीतले माझे सर्व हक्क’ असे शब्द असतील तर ते काढा, नाहीतर विसरलेले तुकडेही त्यात जातात. लीजसारखा दिसणारा कागद खरं तर विक्रीखत असू शकतो. शीर्षकात ‘डीड’ आणि मजकुरात ‘ग्रँट, सेल अँड कन्व्हे’ दिसलं की थांबा.

ह्यूस्टनला राहणारा माझा भाऊ वारला. अविवाहित होता, मृत्युपत्र नाही. त्याच्या नावावर थोडी खनिजं होती, रॉयल्टी येत असे. वडील नाहीत. आई आणि मी पुण्यात. आईच्या नावावर कशी करायची? (पुणे)

पूर्ण आईच्या नावावर होणार नाहीत. हिंदू उत्तराधिकार कायद्याने आई पहिल्या वर्गातली वारस आणि भाऊ दुसऱ्या, त्यामुळे भारतात सगळं आईला गेलं असतं. पण स्थावराला जिथे ते आहे तिथला कायदा लागतो, आणि जमिनीखालची खनिजं स्थावर आहेत. टेक्सासच्या कायद्यात मूल-पत्नी नसेल आणि पालकांपैकी एकच हयात असेल, तर निम्मं पालकाला आणि निम्मं भावंडांना. आई आणि तुम्ही असे दोघेच असाल तर अर्धं-अर्धं.

रक्कम लहान असेल तर ‘ॲफिडेव्हिट ऑफ एअरशिप’, म्हणजे वारस कोण ते सांगणारं प्रतिज्ञापत्र, पुरतं. कुटुंबाला ओळखणाऱ्या, पण स्वतःचा लाभ नसणाऱ्या दोन व्यक्तींच्या शपथेवर ते होतं. ह्यूस्टनचे जुने शेजारी चालतील. खनिजं ज्या काउंटीत आहेत तिथे ते नोंदवायचं. तीन काउंट्या असतील तर तिन्हीकडे. पुण्याहून पाठवायच्या कागदांना नोटरी आणि अपॉस्टील लागेल. नोंदलेली प्रत आणि मृत्यूचा दाखला कंपनीला पाठवा. तोपर्यंत पैसे खात्यात साचून राहतात, आणि तीन वर्षं कुणी मागितले नाहीत तर राज्याच्या कंट्रोलरकडे बेवारस म्हणून जातात. तिथूनही परत मिळवता येतात. भावाच्या नावाने तिथे आत्ताच एकदा शोधा.

दोघांनाही अमेरिकेचा करक्रमांक काढावा लागेल. डब्ल्यू-८बेन हा अनिवासींचा फॉर्म देऊन थांबलात तर एकूण रॉयल्टीवर ३० टक्के कापले जातात, कुठलीही सूट न धरता. त्याऐवजी स्थावराच्या निव्वळ उत्पन्नावर कर भरण्याचा पर्याय निवडून डब्ल्यू-८ईसीआय द्या आणि दरवर्षी १०४०-एनआर हे अनिवासींचं विवरणपत्र भरा. मग सेव्हरन्स टॅक्स, वजावटी आणि १५ टक्के डिप्लीशन वजा जाऊन कर बराच उतरतो. भारतात फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) कलम ६(४) प्रमाणे परदेशी राहणाऱ्याकडून वारसाने आलेली अशी मालमत्ता ठेवता येते, मात्र विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ती दाखवलीच पाहिजे. अमेरिकेत भरलेल्या कराची वजावट इथे मिळते.

आईच्या वाट्याचं मोल ६० हजार डॉलरच्या वर जात असेल तर आताच सल्ला घ्या. अनिवासी परकीयाच्या मृत्यूनंतर तिथल्या वारसा कराचं विवरणपत्र त्या मर्यादेपासून लागतं, आणि या कराबाबत दोन्ही देशांत करार नाही.